वाचवायचं ते बोलणं

‘स्वरयंत्र काढावं लागेल’ हे डॉक्टरांचं वाक्य घरच्यांना ‘माणूस मुका होणार’ असं ऐकू येतं. मग कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे धावतं, कोणी गावी जाऊन झाडपाल्याचं औषध सुरू करतं, कोणी रोग्याला धड काही न सांगताच संमतीपत्राचं काम उरकून टाकतं. या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. स्वरयंत्रात तयार होतो तो नुसता नाद. त्या नादाचे क, ट, प, स करणारी जीभ, ओठ, दात आणि टाळू, त्यांना हुकूम देणारा मेंदू आणि सांगण्यासारखं काही मनात असलेला माणूस, हे सगळं शस्त्रक्रियेनंतरही जागच्या जागी असतं. म्हणून घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र वाचणं आणि बोलणं वाचणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. स्वरयंत्र जाऊनही माणूस भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतका बोलू शकतो, आणि स्वरयंत्र शाबूत राहूनही बोलणं जाऊ शकतं. वाचवायचं ते बोलणं आहे. त्याची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू व्हायला हवी. टाके निघाल्यावर करायचं ते काम नव्हे.

हे का शक्य आहे ते कळायला घशाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. घशात हवेची आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. खाली तिला फाटे फुटतात, पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका. श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र बसलेलं असतं. त्याचं मूळ काम राखणदाराचं, घास आणि पाणी फुफ्फुसांकडे जाऊ न देण्याचं; आवाज हे त्यानंतरचं काम. पूर्ण स्वरयंत्र काढलं की हा राखणदारच जातो, म्हणून दोन्ही वाटा कायमच्या वेगळ्या कराव्या लागतात. श्वासनलिकेचं वरचं टोक पुढे वळवून गळ्याच्या खालच्या भागात कातडीला शिवतात. तिथे जे छिद्र राहतं, त्यातूनच माणूस पुढे आयुष्यभर श्वास घेतो. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध संपतो. वास येणं कमी होतं, हवा न गाळता, न तापता थेट आत जाते, कफ वाढतो, अंघोळीला जपावं लागतं, पोहणं बंद होतं. जेवण मात्र तोंडावाटे अन्ननलिकेतून पूर्वीसारखंच जातं. म्हणजे फुफ्फुसात हवा आहे, तोंडात शब्द घडवणारे सगळे अवयव आहेत, फक्त मधला दुवा तुटलेला आहे. कंप पावणारी कुठली तरी गोष्ट शोधायची आणि तिचा नाद तोंडापर्यंत न्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न नवा नाही. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी ३६ वर्षांच्या एका धर्मशिक्षकाचं पूर्ण स्वरयंत्र कॅन्सरसाठी काढलं. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउर यांनी त्याच रोग्यासाठी धातूची कंपणारी पट्टी बसवलेलं कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं आणि १८७४ मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. आवाज एकसुरी होता, पण शब्द कळत होते. काही महिन्यांत कॅन्सर उलटला आणि रोगी गेला. रोग्याला नुसतं जगवून भागत नाही, हे त्या सर्जनांना पहिल्याच शस्त्रक्रियेच्या वेळी दिसलं होतं. पुढे शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली, कॅन्सरचं शास्त्र मोठं झालं, आणि बोलण्याचा भाग हळूहळू दुसऱ्या विभागात, दुसऱ्या मजल्यावर, पुढच्या तारखेला गेला.

आज तीन मार्ग आहेत. सगळ्यांत जुना आणि फुकटचा मार्ग अन्ननलिकेतून बोलण्याचा. तोंडातली हवा गिळल्यासारखी अन्ननलिकेच्या वरच्या भागात घ्यायची आणि लगेच ढेकरेसारखी बाहेर सोडायची. तिथले स्नायू थरथरतात आणि नाद निघतो. यंत्र नको, हात मोकळे राहतात, खर्च शून्य. पण एका वेळी मावणारी हवा शंभर मिलिलिटरपेक्षाही कमी असल्यामुळे दोन-चार शब्दांनंतर पुन्हा हवा घ्यावी लागते. शिकायला महिनोन् महिने लागतात, आणि प्रयत्न करणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते कधीच नीट साधत नाही. ज्यांना साधतं ते उत्तम बोलतात, पण सगळ्यांनी याच मार्गावर विसंबावं असं म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग इलेक्ट्रोलॅरिंक्स नावाच्या यंत्राचा. टॉर्चएवढं, बॅटरीवर चालणारं हे उपकरण गळ्याला किंवा गालाला टेकवून बटण दाबलं की त्याची थरथर कातडीतून तोंडात पोचते आणि जीभ-ओठ तिचे शब्द करतात. शिकायला सोपं, शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत वापरता येतं. आवाज यांत्रिक असतो, ही त्याची सर्वांना माहीत असलेली उणीव. मराठीच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्या वर्णमालेत क, ख, ग, घ अशा चौकड्या आहेत. क आणि ग यांच्यात तोंडाची हालचाल एकच. ग म्हणताना स्वरतंतू कंप पावत असतात, क म्हणताना नसतात, इतकाच फरक. यंत्राचं बटण दाबून धरलं की गुणगुण थांबत नाही, त्यामुळे ‘काडी’ची ‘गाडी’ होते, ‘टाळ’ची ‘डाळ’, ‘पार’चा ‘बार’. ख, ठ, भ यांतला हकार म्हणजे तर फुफ्फुसातून येणाऱ्या हवेचा झोत, आणि ती हवा आता तोंडात येतच नाही. ‘काल’ आणि ‘खाल’ सारखेच वाटू लागतात. यावर उपाय आहेत. बटण नेमकं कधी सोडायचं, क-प-ट तोंडातल्या हवेवर ठसकून कसे म्हणायचे, ऐकणाऱ्याला संदर्भ आधी देऊन वाक्य कसं बांधायचं, हे शिकवता येतं. पण ते मराठीतून आणि मराठी शब्दजोड्यांवर शिकवावं लागतं. इंग्रजीत व्यंजनांच्या अशा चौकड्या नाहीत. तिकडच्या शब्दांच्या याद्यांवरून केलेला सराव सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला अर्धाच उपयोगी पडणार.

तिसरा मार्ग व्हॉल्व्हचा, आणि आज तोच सर्वांत भरवशाचा मानला जातो. इंडियानापोलिसमधले सर्जन मार्क सिंगर आणि वाचातज्ज्ञ एरिक ब्लोम यांनी १९८० मध्ये तो जगापुढे मांडला. एक सर्जन आणि एक वाचातज्ज्ञ एकत्र बसल्यावर तो सुचला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पातळ भिंतीला छोटं भोक पाडून त्यात सिलिकॉनची एकेरी झडप बसवतात. गळ्याचं छिद्र बोटाने बंद करून श्वास सोडला की फुफ्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथला वरचा भाग थरथरतो आणि आवाज निघतो. उलट दिशेने अन्न-पाणी मात्र श्वासनलिकेत येत नाही. हवा फुफ्फुसाची असल्यामुळे एका दमात आख्खं वाक्य बोलता येतं. आवाज खर्जातला आणि खरखरीत असतो. स्त्रियांना हे जास्त जाचतं, कारण फोनवर पलीकडचा माणूस त्यांना पुरुष समजतो. या दुःखाला समुपदेशनात स्वतंत्र जागा हवी, ती सहसा मिळत नाही. व्हॉल्व्ह कायमचाही नसतो. त्यावर बुरशीचा थर चढतो, झडप नीट मिटेनाशी होते, पाणी पिताना ठसका लागतो आणि काही महिन्यांनी तो बदलावा लागतो. बदलणं ओपीडीतलं काही मिनिटांचं काम आहे, रोजची सफाई छोट्या ब्रशने घरीच होते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांना प्रयोगशाळेत असं आढळलं की ताकामुळे हा थर कमी चढतो. आपल्याकडे तो उपाय जेवणाच्या ताटाशेजारीच असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. स्वरयंत्र काढायचंच कशाला? किरणोपचार आणि केमोथेरपीने ते वाचवता येतं ना? येतं, आणि ही गेल्या चाळीस वर्षांतली खरी कमाई आहे. स्वरतंतूंवरचा कॅन्सर आवाज बसण्याच्या रूपाने लवकर ओरडून सांगतो. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वेळीच आत पाहिलं, तर सुरुवातीच्या टप्प्यात नुसत्या किरणांनी किंवा लेझरने बहुतेक रोगी बरे होतात आणि स्वरयंत्रही राहतं. वाढलेल्या रोगातही १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या ३३२ रोग्यांवरच्या चाचणीने मोठा बदल घडवला. अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि किरण, अर्ध्यांना आधी केमो आणि मग किरण. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के लोक जिवंत होते, आणि दुसऱ्या गटातल्या ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र शाबूत होतं. २००३ मध्ये ५४७ रोग्यांच्या चाचणीत केमो आणि किरण एकाच वेळी दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्क्यांचं स्वरयंत्र वाचलेलं दिसलं.

या आकड्यांपुढे मान तुकवूनही एक प्रश्न विचारावा लागतो: वाचलं म्हणजे नेमकं काय? या मोजणीत ‘वाचलं’ याचा अर्थ ‘काढावं लागलं नाही’ असा आहे. किरणांनी घट्ट झालेलं, सुजलेलं स्वरयंत्र जागेवर असूनही राखणदारी विसरू शकतं. मग घास फुफ्फुसात उतरतो, पोटात नळी घालावी लागते, श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागतं. अशा माणसाचं स्वरयंत्र आकडेवारीत वाचलेलं असतं आणि तो बोलत मात्र नसतो. इतिहासात याचं मोठं उदाहरण जर्मनीच्या सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकचं आहे. १८८७ मध्ये त्याच्या घशाच्या आजारावरून जर्मन आणि ब्रिटिश डॉक्टरांत वाद झाला. वर्षाअखेरीस स्वरयंत्र काढण्याचा पर्याय त्याने नाकारला, आणि त्या काळातले मृत्यू पाहता तो नकार शहाणपणाचाच होता. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं, मार्चमध्ये तो गादीवर आला आणि ९९ दिवसांचं राज्य त्याने चिठ्ठ्या लिहून केलं. स्वरयंत्र शेवटपर्यंत शरीरात होतं. माजी सैनिकांच्या त्याच चाचणीतल्या हयात रोग्यांची १९९८ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा केमो-किरण गटाचं जगणं अधिक सुखाचं निघालं. पण त्याचं कारण बोलणं नव्हे, तर कमी वेदना आणि कमी नैराश्य, असं अभ्यासकांना आढळलं. दुसऱ्या चाचणीच्या दहा वर्षांच्या पाहणीत, एकाच वेळी केमो आणि किरण घेतलेल्या गटात कॅन्सरखेरीज इतर कारणांनी झालेले मृत्यू जास्त दिसले. शिवाय कॅन्सर कूर्चा फोडून बाहेर आलेला असेल किंवा स्वरयंत्र आधीच निकामी झालं असेल, तर ते काढणं हाच सहसा योग्य उपचार असतो. अशा वेळी ‘काहीही करून स्वरयंत्र वाचवा’ हा हट्ट रोग्याच्या विरोधात जातो.

दुसरा आक्षेप घराघरांतून ऐकू येतो: आधी जीव वाचू दे, बोलण्याचं मागाहून बघू. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण रोगी स्वतः असा हिशेब करत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत ३७ निरोगी माणसांना, अग्निशमन दलातल्या जवानांना आणि कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना, या रोगाची कल्पना देऊन विचारलं गेलं. सुमारे एक पंचमांश लोक म्हणाले की जगण्याची शक्यता कमी झाली तरी चालेल, पण आवाज राखणारे किरणच घेऊ. याचा अर्थ बोलणं जाण्याची भीती जीव वाचवण्याच्या निर्णयात आधीच शिरलेली असते. ती मागाहून बघू म्हणून टाळता येत नाही, कारण तिच्यापायीच काही माणसं शस्त्रक्रियाच नाकारतात आणि रोग हाताबाहेर गेल्यावर परत येतात. शस्त्रक्रियेआधी स्वरयंत्र गेलेल्या एखाद्या बोलत्या माणसाशी अर्धा तास भेट घडवली, तर जे समजतं ते तक्त्यांनी समजत नाही. त्यात व्यवहाराचीही बाजू आहे. व्हॉल्व्हसाठीचं भोक मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच पाडता येतं. नंतर पाडायचं तर पुन्हा भूल आली. रोग्याची बोटं छिद्र बंद करण्याइतकी स्थिर आहेत का, डोळ्यांना आरशात छिद्र दिसतं का, घरात सफाईला मदत करणारं कोणी आहे का, ऐकू नीट येतं का, हे सगळं आधी पाहिलं तरच तीनपैकी मार्ग निवडता येतो. आणि रोग्याचा स्वतःचा आवाज अजून असतो तेव्हाच तो आपल्या भाषेत, आपल्या बोलीत थेरपिस्टशी मनमोकळं बोलू शकतो.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा. मोबाइल आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, लिहिलेलं मराठीत वाचून दाखवणारी सोय फोनमध्येच आहे, आधीच्या ध्वनिमुद्रणांवरून माणसाचा मूळ आवाज पुन्हा घडवणारं तंत्रही आलं आहे. हे सगळं उपयोगी आहे आणि शस्त्रक्रियेआधी रोग्याचा आवाज मुद्रित करून ठेवायला काही खर्च नाही, जरूर ठेवावा. पण हा रोग कळेपर्यंत आवाज बहुधा बसलेला असतो. टाइप करायला साक्षरता, नजर आणि चार्ज केलेला फोन लागतो. आणि संभाषण म्हणजे नुसता मजकूर नव्हे. मुलाने रस्त्यावर पाऊल टाकलं तर ‘अरे थांब’ म्हणायला टाइप करण्याइतका वेळ नसतो. चार जण बोलत असताना मध्ये आपलं म्हणणं घालायला क्षणाची संधी असते. फोन हा जोडीला असावा, शरीरातून निघणाऱ्या आवाजाच्या जागी नव्हे.

उरतो पैशाचा आक्षेप, आणि महाराष्ट्रात खरी अडचण इथेच आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. घशाच्या कॅन्सरला प्रामुख्याने विडी-सिगारेट आणि दारू कारण असली, तरी चघळल्या जाणाऱ्या तंबाखूचीही त्यात भर पडते, आणि हे रोगी बहुतांशी कष्टकरी वर्गातले. परदेशी बनावटीच्या व्हॉल्व्हची किंमत साधारण पंधरा ते तीस हजार रुपयांच्या घरात, आणि तो पुन्हा पुन्हा बदलायचा. बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन विशाल राव यांनी ‘ऑम’ नावाचा व्हॉल्व्ह तयार करून त्याची किंमत पन्नास रुपयांच्या आसपास ठेवली, तेव्हा वस्तूची किंमत हा काही अटळ अडथळा नाही हे दिसलं. पण वस्तू फुकट मिळाली तरी ती बदलायला गडचिरोलीहून नागपूरला किंवा नंदुरबारहून मुंबईला यायचं तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी हा खर्च राहतोच. म्हणून ठरावीक मुदतीने व्हॉल्व्ह बदलणं आणि थेरपीच्या बैठका हे दोन्ही मूळ उपचाराच्या पॅकेजचाच भाग धरले गेले पाहिजेत, आणि बदलण्याचं काम जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागाला शिकवलं गेलं पाहिजे. ही मागणी मेहेरबानीची नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचा थेट उल्लेख आहे. प्रमाणपत्राचा हा हक्क किती रोग्यांना डिस्चार्ज कार्डाबरोबर समजावून सांगितला जातो, हे प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारावं.

थेरपिस्ट कमी आहेत हे खरं. पण वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचातज्ज्ञ घडवते आहे, मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेलं शिक्षण त्याहून जुनं आहे, आणि सरावाच्या कित्येक बैठका व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात. गावातल्या आशाताईंना आणि रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांना एक गोष्ट तर आजच शिकवता येईल: स्वरयंत्र काढलेल्या माणसाला ऑक्सिजन द्यायचा तो नाकावर नाही, गळ्याच्या छिद्रावर.

आणि संमतीपत्र. त्यात आवाज जाण्याबद्दल एखादी ओळ असते, तिच्याखाली सही किंवा अंगठा असतो. त्या ओळीखाली आणखी चार ओळींची जागा करता येईल: वाचातज्ज्ञाचं नाव, भेटीची तारीख, बोलण्याचा ठरलेला मार्ग, आणि तो मार्ग रोग्याला त्याच्या भाषेत कोणी समजावला ते. श्वास अडलेला, तातडीचा रोगी सोडला तर या चार ओळी भरल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देऊ नये. यात उशीर होईल असं कोणी म्हणेल, तर स्कॅन, दातांची तपासणी आणि भुलेसाठीच्या चाचण्या यांत तसेही काही दिवस जातातच. रोगी तेव्हा रुग्णालयातच बाकावर बसून असतो, आणि त्याला अजून बोलता येत असतं.